काळ्या आणि बरड जमिनीसाठी जास्त काळ टिकणारे फाळ व रोटाव्हेटरची पाती : निवड कशी करावी?

गिरणाकाठ (भडगाव)

सर्वांना नमस्कार. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत यंत्रांची डागडुजी उरकावी म्हणून काल रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचलला, खाली लाकडी ओंडके दिले आणि एकेक पाते हातात धरून पाहिले. ४२ पात्यांपैकी बहुतेक पाती झिजून निमुळती झाली आहेत आणि ट्रॅक्टरच्या चाकामागे चालणारी पाती तर मधल्या पात्यांच्या मानाने अगदीच बोटाएवढी उरली आहेत. कल्टिव्हेटरच्या अकरा फाळांची दोन्ही टोके वापरून संपली आहेत. पलटी नांगराच्या दोन्ही फाळांची चोच बोथट झाल्यामुळे नांगर जमिनीत शिरण्याऐवजी वर उचलला जातो, ट्रॅक्टर जास्त कण्हतो आणि डिझेल जास्त जाते.

माझी स्वतःची जमीन गिरणेच्या काठची खोल काळी आहे. परंतु हंगामात मी भाड्याने जी कामे करतो, त्यांतली निम्मी कामे माळाकडच्या बरड, मुरमाड जमिनीवर असतात. त्यामुळे एकच सुटा भाग दोन्हीकडे वापरावा लागतो.

गेल्या वर्षीचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. तालुक्याच्या गावी एका दुकानातून मी पात्यांचा पूर्ण संच घेतला. पात्यांवर ‘बोरॉन’ असा ठसा होता आणि भाव बराच कमी होता. पऱ्हाट्या काढलेल्या रानात पहिल्याच आठवड्यात तीन पाती बोल्टच्या भोकाजवळून तुटली आणि त्यांतले एक मागचा पत्रा फाडून बाहेर गेले. त्या वेळी मागे कोणी माणूस चालत नव्हता, ही देवाची कृपा. तुटलेल्या जागी साखरेच्या दाण्यांसारखे जाड, चकचकीत कण दिसत होते. ते पाते मी अजून जपून ठेवले आहे. दुकानदाराने पाती परत घेतली नाहीत.

या वेळी घाई न करता समजून घेऊन खरेदी करायची आहे. बोरॉनचे पोलाद, कमानपाट्याचे (ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून) घडवलेले फाळ, वरून वेल्डिंगच्या कठीण रॉडचा भर दिलेले फाळ आणि टंगस्टनचे टोक बसवलेले फाळ असे चार पर्याय मला ठाऊक आहेत. खान्देशातील जाणकारांनी आपापल्या जमिनीचा अनुभव लिहावा, ही विनंती.

वखरपाळी (धुळे)

दादा, मी कृषी अभियांत्रिकी शिकले असून अवजारांच्या कामात आहे. आपण जपून ठेवलेल्या पात्याबद्दलच आधी लिहिते, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या तुटीत आहे.

पोलादाचा कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि सामान्यतः एक वाढवला की दुसरा कमी होतो. धार झिजू नये म्हणून ती कठीण हवी. पण बोल्टजवळचे बूड धक्का सोसणारे, म्हणजे चिवट हवे. म्हणूनच रोटाव्हेटरच्या पात्यांसाठीच्या आयएस ६६९० या भारतीय मानकात दोन्ही भागांचा कठीणपणा वेगवेगळा सांगितलेला आहे : धारेकडचा भाग रॉकवेल सी मापावर ५६ (अधिक-उणे ३) आणि बुडाचा भाग ३७ ते ४५. आपली पाती बहुधा अखंडच्या अखंड एकसारखी तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलेली असावीत, आणि तीही गरजेपेक्षा जास्त तापवलेली. पोलाद अति तापले की आतले कण मोठे होतात. आपण पाहिलेले साखरेसारखे दाणे तेच. चांगल्या प्रकारे पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कठीण केलेल्या पात्याची तूट राखाडी, बारीक, रेशमी पोताची दिसते.

बोरॉनविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बोरॉनच्या पोलादात बोरॉनचे प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. बोरॉन स्वतः पोलादाला कठीण करत नाही. पाणी देताना पाते आतपर्यंत सारखे कठीण व्हावे, यासाठी ते मदत करते. त्यामुळे तुलनेने कमी कार्बन ठेवूनही पुरेसा कठीणपणा मिळतो आणि चिवटपणा टिकून राहतो. पण ही सगळी करामत भट्टी आणि पाणी देण्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे. चांगले बोरॉन पोलाद वाईट रीतीने तापवले, तर त्याचे पाते साध्या पात्याहून लवकर दगा देते. ठशावर विसंबून राहू नये.

दुकानात करता येण्यासारखी परीक्षा सोपी आहे. नवी बारीक कानस सोबत न्यावी. धारेवर कानस घसरली, अडकली नाही, तर धार कठीण आहे. बुडावर कानस थोडी चावली, तर बूड चिवट ठेवलेले आहे. धार आणि बूड दोन्हीकडे कानस सारखीच घसरत असेल, तर ते पाते घेऊ नये. दोन्हीकडे सहज चावत असेल, तर ते साधे लोखंड समजावे.

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालांत रोटाव्हेटरच्या पात्यांचा कठीणपणा आणि पोलादातील घटक नोंदलेले असतात. आपल्या यंत्राच्या नमुन्याचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. तो मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

सातपुडा पायथा (यावल)

आमचा भाग बझाड्याचा, म्हणजे सातपुड्यातून उतरलेल्या ओढ्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा आणि भरड मातीचा. केळीचा बाग मोडून मृगबागेसाठी रान तयार करताना फाळ दर हातावर धोंड्यावर आपटतो.

टंगस्टनच्या टोकांचा अनुभव मी पैसे मोजून घेतला आहे. जास्त टिकतात हे ऐकून कल्टिव्हेटरच्या पुढच्या रांगेतल्या फाळांना टंगस्टन कार्बाइडच्या चकत्या बसवलेले फाळ लावले. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहिले तेव्हा दोन फाळांच्या चकत्या कोपऱ्यातून उडालेल्या होत्या आणि एका फाळाची चकती डाखाच्या जागेवरून अख्खी सुटून मातीत गेली होती. चकती गेल्यावर खालचे साधे लोखंड उघडे पडते आणि ते दोन दिवसांत खल्लास होते. ज्या चकत्या उरल्या त्यांवर मात्र झीज दिसतच नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या चुलत भावाची जमीन तापीकाठी आहे, गाळाची, बिनदगडाची. त्याने माझे उरलेले फाळ नेले आणि ते त्याच्याकडे अजून चालू आहेत.

म्हणून दादा, दगड असलेल्या रानात टंगस्टन नको. तिथे थोडे झिजले तरी चालेल, पण वाकणारे किंवा तुटणारे नको. मी आता स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरला चांगल्या कंपनीचे बोरॉनचे उलटसुलट (एक टोक झिजले की फिरवून लावता येणारे) फाळ वापरतो.

गिरणाकाठ (भडगाव)

ताई आणि आप्पा, दोघांचेही आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे जपून ठेवलेल्या पात्यावर कानस लावून पाहिली. धार आणि बूड दोन्हीकडे ती काचेवरून फिरावी तशी घसरली.

माळाकडच्या मुरमात आमच्याकडे गारगोट्या फार आहेत. झीज तिथेच जास्त होते, की ती काळ्या जमिनीतही तेवढीच होते? आणि वरून कठीण रॉडचा भर देण्याबद्दल कोणी लिहील का?

लोखंडी काम (धुळे, फॅब्रिकेशन)

झिजेचे कारण थोडक्यात सांगतो. गारगोटी ही पाणी दिलेल्या पोलादी धारेपेक्षाही कठीण असते, म्हणून ती धारेला ओरखडत जाते. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकातून तयार झालेली आहे आणि बेसॉल्टमध्ये गारेचे प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे नुसत्या काळ्या मातीत फाळ मुरमाच्या मानाने कमी झिजतो. काळ्या जमिनीचा त्रास वेगळा असतो : सुकली की ढेकूळ दगडासारखे होते, ओली असली की चिकटते.

आता रॉडचा भर. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने जो थर बसतो, त्यातील कार्बाइडचे कण गारगोटीपेक्षाही कठीण असतात. त्यामुळे मुरमाड, रेताड रानात याचा गुण नक्की येतो. मी वर्षानुवर्षे हे काम करत आहे आणि बिघडलेली कामेही पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भर नेहमी एकाच अंगाने द्यावा. दोन्ही अंगांनी दिला तर धार दोन्हीकडून जाड राहते, फाळ बोथटच राहतो आणि जमिनीत शिरत नाही. एकाच अंगाला कठीण थर असला की मागचे मऊ लोखंड आधी झिजते, कठीण थराची कड पुढे राहते आणि चालता चालता फाळ आपोआप पाजवला जातो. थर एक किंवा फार तर दोन द्यावेत. काही जण जास्त टिकेल म्हणून तीन-चार थर चढवतात, ते मोठ्या तुकड्याने सुटून पडतात. या थराला आडव्या बारीक भेगा पडतात. त्या पाहून गिऱ्हाईक घाबरते. पण त्या भेगा या रॉडच्या स्वभावातच असतात आणि थरातच थांबल्या तर त्यांनी काही बिघडत नाही. भेग खालच्या मूळ पोलादात उतरली, की मात्र फाळ तिथूनच तुटतो.

ती खाली उतरू नये म्हणून फाळ आधी तापवावा लागतो. कमानपाट्याचा किंवा जास्त कार्बनचा फाळ असेल तर साधारण २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून मगच भर द्यावा, आणि काम झाल्यावर तो राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू द्यावा. गरम फाळ पाण्यात बुडवणारा वेल्डर दिसला तर आपला फाळ उचलून घरी यावे. पावसाळ्यात दमट झालेले रॉड न सुकवता वापरल्यानेही भेगा पडतात.

रोटाव्हेटरच्या पाणी दिलेल्या पात्यांना भर द्यावा असे मी कोणालाही सांगत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्याचे पाणी उतरते (दिलेला कठीणपणा जातो), पाते तिथे मऊ किंवा ठिसूळ होते आणि पाते दर फेऱ्याला जमिनीवर आपटत असते. नांगराची चोच, कल्टिव्हेटरचे फाळ, सबसॉयलरचे टोक यांना भर अवश्य द्यावा. फिरणाऱ्या पात्यांना देऊ नये.

माळमाथा (साक्री)

इथे सगळे नव्या पोलादाबद्दल लिहीत आहेत, म्हणून जुन्या रीतीची बाजू मांडतो. आमच्या गावात ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून वखराची पास आणि नांगराचा फाळ घडवणारे लोहार अजून आहेत. कमानपाट्याचे पोलाद मुळातच धक्का सोसण्यासाठी केलेले असते. आमचे लोहारबाबा फाळ लाल करतात, घडवतात, मग फक्त टोकाची चार बोटे पाण्यात धरतात आणि बाहेर काढून उरलेल्या उष्णतेने टोकावर पिवळा, मग तपकिरी रंग चढेपर्यंत त्याच्याकडे टक लावून पाहतात. तो रंग आला की फाळ पुन्हा पाण्यात जातो. ताईंनी मानकातली धार आणि बुडाची जी गोष्ट सांगितली, तीच गोष्ट ते नजरेने करतात.

साक्रीच्या माळावर हा फाळ आम्हाला दरवर्षी पुन्हा पाजवून वापरता येतो. कंपनीचा फाळ झिजला की भंगारात जातो. मजुरी धरूनही आम्हाला घडवलेला फाळ परवडतो, आणि गावातल्या माणसाच्या भात्यात आग राहते, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

वखरपाळी (धुळे)

आबा, आपण लिहिलेले अगदी बरोबर आहे. टोकाला पाणी देऊन रंग पाहत ते उतरवणे ही शास्त्रशुद्ध रीत आहे. फक्त एक धोका सर्वांनी लक्षात ठेवावा. कंपनीचा बोरॉनचा फाळ लोहाराकडे नेऊन लाल करून लांबवला आणि तसाच निवू दिला, तर कारखान्यात दिलेले पाणी पूर्ण उतरते. तो फाळ दिसायला नव्यासारखा टोकदार होतो, पण साध्या लोखंडासारखा झिजतो, आणि मग लोक बोरॉनला नावे ठेवतात. घडवून वापरायचा असेल तर कमानपाट्याचा फाळ घ्यावा. बोरॉनचा घेतला तर तो आहे तसा झिजवावा आणि संपला की बदलावा.

उसाचा मळा (शहादा)

आमच्याकडे तापीच्या खोऱ्यातली भारी काळी जमीन आहे आणि आमची अडचण झिजेपेक्षा चिकटण्याची आहे. धुळ्याच्या दादांनी भर देण्याविषयी छान लिहिले आहे. त्यात एवढीच भर घालतो की, काळ्या जमिनीत नांगराच्या पंखावर (माती उलटवणाऱ्या पत्र्यावर) खडबडीत भर देऊ नये. मी एका वर्षी हौसेने पंखाच्या पुढच्या कडेला आडव्या रेघा मारून घेतल्या. त्या रेघांवर माती धरली, मातीवर माती बसत गेली आणि दहा-पंधरा पावलांत सबंध पंखावर माती लिंपली गेली. मग तास उलटायचा थांबला आणि नांगर माती नुसती बाजूला ढकलू लागला. शेवटी रेघा ग्राइंडरने घासून काढाव्या लागल्या.

चिकट जमिनीसाठी पंख गुळगुळीतच हवा. काम संपले की त्याला ग्रीस किंवा वापरलेले तेल लावून ठेवावे, म्हणजे गंज चढत नाही. गंजलेला पंख पुढच्या हंगामाचे पहिले दोन दिवस खातो. अखंड पंखाऐवजी पट्ट्यांचे पंख असलेले पलटी नांगरही मिळतात. माती टेकायला जागाच कमी असल्यामुळे ते आमच्याकडे मोकळे चालतात, आणि एखादी पट्टी झिजली तर तेवढीच बदलता येते.

वाफशावर, म्हणजे जमीन फार ओली किंवा फार कोरडी नसताना, काम करणे ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. तडकलेल्या कोरड्या काळ्या रानात रोटाव्हेटर घातला तर कोणतेही पाते टिकणार नाही. तिथे आधी नांगर, मग वखर किंवा कल्टिव्हेटर, आणि ढेकळे नरमल्यावरच रोटाव्हेटर घालावा.

बोरीकाठ (पारोळा)

मी हिशेबाकडून येतो. फाळाचा भाव पाहू नये, एकरी खर्च पाहावा. समजा, साधा फाळ १०० रुपयांना मिळतो आणि ४० एकर चालतो. म्हणजे एकरी अडीच रुपये. बोरॉनचा फाळ २०० रुपयांना पडतो आणि १०० एकर चालतो. म्हणजे एकरी दोन रुपये. फरक फाळामागे आठ आण्यांचाच दिसतो. परंतु शंभर एकरांत साधे फाळ दोनदा जास्त बदलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी अकरा फाळांचे बावीस बोल्ट सोडणे-आवळणे आले. आखाजी ते मृग या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरचा अर्धा दिवस बुडणे या सगळ्या हिशेबाहून महाग असते. ही उदाहरणे सोयीसाठी घेतली आहेत. खरे आकडे आपल्याच वहीतून यायला हवेत. मी बोनेटच्या आत खडूने दर दिवसाचे एकर लिहितो आणि रात्री ते वहीत उतरवतो.

गिरणाकाठ (भडगाव)

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. माझे ठरले ते असे. कल्टिव्हेटरला बोरॉनचे उलटसुलट फाळ घेणार. माळाच्या कामासाठी नांगराच्या फाळांचा एक जास्तीचा जोड ठेवणार आणि त्याच्या चोचीला एकाच अंगाने रॉडचा एक थर देऊन घेणार. घरच्या काळ्या जमिनीसाठी बिनभराचा जोड राहील आणि पंखाला कोणी हात लावणार नाही. दगड असल्यामुळे टंगस्टन बाद.

रोटाव्हेटरच्या पात्यांबाबत दोन चांगल्या कंपन्यांमध्ये माझा निर्णय होत नाही. म्हणून असे मनात आहे की, डाव्या अर्ध्या भागाला एका कंपनीची आणि उजव्या अर्ध्या भागाला दुसऱ्या कंपनीची पाती लावावीत, किराणा दुकानाच्या काट्यावर प्रत्येक पाते लावण्यापूर्वी आणि मृगापूर्वीची कामे संपल्यावर मोजावे, आणि झिजलेले वजन इथे लिहावे. याला कोणाची हरकत?

वखरपाळी (धुळे)

दादा, कल्पना उत्तम आहे, पण मांडणी बदलावी. आपणच पहिल्या पोस्टमध्ये लिहिले आहे की, चाकामागची पाती जास्त झिजली. चाकाने दाबलेली माती घट्ट असते. रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून जोडलेला असेल तर दोन अर्ध्या भागांना सारखे काम पडत नाही आणि तुलना फसते. त्याऐवजी एक फ्लँज (रोटरवरची पाती जोडण्याची चकती) सोडून एक अशी पाती लावावीत. आपल्या रोटरला सात फ्लँज आणि प्रत्येकावर सहा पाती असतील, तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फ्लँजवर एका कंपनीची २४ आणि उरलेल्या तिन्हींवर दुसरीची १८ पाती येतील. एका फ्लँजवर दोन वजनांची पाती मिसळू नयेत, म्हणजे रोटरचा तोल राहील. तुलना मधल्या फ्लँजची मधल्यांशी आणि चाकामागच्यांची चाकामागच्यांशी करावी.

बुडाशी पंचने क्रमांक टाकू नये, कारण तिथूनच भेग सुरू होऊ शकते. रंगाने लिहून वहीत जागा नोंदवावी. वजन करण्यापूर्वी पाती धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावीत, कारण आपली काळी माती कोपऱ्यात धरून बसते. बोल्ट जुने वापरू नयेत, उच्च ताणाचे नवीन घ्यावेत, आणि पहिले दोन-तीन तास काम झाल्यावर ट्रॅक्टर बंद करून, चावी काढून सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. सैल बोल्टमुळे भोक लांबट होते आणि चांगले पातेही तिथूनच तुटते. त्या वेळी रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेल्या केळीच्या दोऱ्या आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडेही कापून काढावेत, नाहीतर ऑइल सील फाटते.

गिरणाकाठ (भडगाव)

समजले, ताई. एक सोडून एक अशीच लावतो. पाती परवा येणार आहेत. कानस घेऊनच जाणार आहे. पहिली वजने शनिवारी लिहीन.